मुका सिनेमा गावात दाखवायचा असेल तर

आमच्या गावात 1925 सालचा एक डॅनिश सिनेमा आतापर्यंत तीनदा दाखवून झाला. पहिला खेळ पाऊण तासात उधळला. तिसऱ्या खेळाला शेजारच्या दोन गावांहून ऑटो करून बाया आल्या, आणि तेव्हापासून "बाई, आमच्याकडं कसं करायचं ते सांगा ना" असे फोन सुरू झाले. फोनवर हे सांगून होत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. गाव अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वेच्या बाजूचं, कापूस-सोयाबीन-तुरीचं. सिनेमाचं शिक्षण शून्य. मालक, म्हणजे आमचे हे, गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पेटी वाजवतात. लग्नाला 41 वर्षं झाली, आणि परवापरवापर्यंत पाण्याचा गडवा त्यांना हातात लागायचा. हे आधीच सांगते, कारण सिनेमाही त्याच गोष्टीवर आहे.

कोणता सिनेमा

लग्नावरचे मुके सिनेमे भरपूर आहेत. नुसतं हसायचं असेल तर अमेरिकेतल्या बस्टर कीटन या विनोदी नटाचा 'सेव्हन चान्सेस' घ्या. सत्ताविसाव्या वाढदिवसाला संध्याकाळी सातच्या आत लग्न केलं तर 70 लाख डॉलर मिळणार, आणि मग शेकडो नवऱ्या पांढरे कपडे घालून त्याच्या मागं धावतात. पोट्ट्यांना तोच आवडतो. लुबिच नावाच्या दिग्दर्शकाचा 'द मॅरेज सर्कल' (1924) मात्र मी घेणार नाही. कोण कोणाकडं कसं पाहतं याच्यावर तो सगळा चालतो. मला स्वतःला तो दुसऱ्या बैठकीत कळला, मग अंगणात सतरंजीवर, कडेवर लेकरू घेऊन बसलेल्या बाईला कसा दिसणार?

मी घेतला तो कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा. इंग्रजीत त्याला 'मास्टर ऑफ द हाउस' म्हणतात. डॅनिश नावाचा अर्थ वेगळाच आहे: तू आपल्या बायकोचा मान राख. स्वेन्ड रिन्डोमच्या नाटकावरून काढलेला. गोष्ट दोन खोल्यांच्या घरात घडते. नवऱ्याचा, व्हिक्टरचा, धंदा बुडालेला, त्यामुळं तो घरी येतो तो चिडलेलाच. बायको ईदा पहाटेपासून राबते आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. घरात मॅड्स नावाची म्हातारी येत असते, नवऱ्याला लहानपणी तिनंच सांभाळलेलं. ती आणि ईदाची आई मिळून ईदाला विश्रांतीसाठी बाहेर धाडतात, आणि मॅड्स घराचा ताबा घेते. पुढं नवऱ्याची जी गत होते ती बघण्यासारखी आहे.

हा सिनेमा आमच्याकडं का चालला, तर त्यात राजवाडे नाहीत. चूल आहे, ओले कपडे आहेत, घड्याळ आहे, पोराचे फाटके बूट आहेत. ड्रायरला खऱ्या घरातच चित्रीकरण करायचं होतं, पण तेवढ्या जागेत कॅमेरा मावेना. मग त्यानं स्टुडिओत चार भिंतींचं अख्खं घर बांधलं, नळाला पाणी आणि शेगडीला गॅस सकट. हे मी खेळाच्या आधी सांगते. मागून लगेच प्रश्न येतो, "गॅस होता तर गरीब कसे?" त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, सिनेमा सुरू करा.

परवानगीचं सगळे विचारतात. आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर 60 वर्षं चालतो. 1925 चं गणित तुम्हीच करा. पण नव्या प्रतींवर कुणीतरी आताच्या काळात रचलेलं संगीत चढवलेलं असतं, आणि ते त्याच्या मालकीचं असतं. म्हणून आवाज पूर्ण बंद ठेवा. तसाही तो पियानो आपल्या काही कामाचा नाही.

आधी वेग, मग वही

मुक्या सिनेमांचा वेग एकसारखा नसायचा. कॅमेरा हातानं फिरवायचे, त्यात कमीजास्त व्हायचं. त्यामुळं काही प्रतींमध्ये माणसं कोंबड्यांसारखी तुरुतुरु पळतात. तुमच्या प्रतीत तसं दिसलं तर प्लेअरमध्ये वेग थोडा उतरवा, माणूस माणसासारखा चालायला लागेपर्यंत. आवाज बंदच असल्यामुळं काही बिघडत नाही. आणि हे सगळ्यात आधी करा. मी आधी वही लिहिली, मग वेग बदलला, आणि वहीतल्या सगळ्या वेळा चुकल्या. चार रात्री वाया गेल्या.

वही म्हणजे खेळाचा जीव. मुक्या सिनेमात मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येतात. आपल्या प्रतीत त्या डॅनिश असतात, खाली इंग्रजी. पहिल्या खेळाला मला वाटलं, चित्र पाहून कळेलच. लोकांनी दहा मिनिटं वाट पाहिली, मग गप्पा सुरू झाल्या, मग पोरं पडद्यासमोर हाताचे कुत्रे-ससे करायला लागली. झालं.

नंतर मला कळलं की आपल्याकडंही मुक्या सिनेमाच्या काळात पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस असायचा आणि पडद्याजवळ पेटी-तबला घेऊन माणसं बसायची. जपानात तर बेन्शी नावाचे सांगणारे नटांइतके नावाजलेले होते. म्हणजे मी मूर्खपणानं जे टाळलं ते शंभर वर्षांपूर्वी सगळ्यांना ठाऊक होतं.

दोनशे पानी वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात पडद्यावर काय दिसतं, तिसऱ्यात तुम्ही काय बोलणार. भाचीला घेऊन बसले, ती इंग्रजी वाचायची, मी लिहायची. आधी मी लिहिलं ते पुस्तकातलं मराठी: "या घरात पाय ठेवायलाही जागा उरलेली नाही." माईकवर वाचलं तर माझं मलाच निर्जीव वाटलं. मग खोडलं आणि आमच्या बोलीत लिहिलं: "इथं तं पाय ठेवाले जागा नाई, जिकडं पाहावं तिकडं कपडेच कपडे!" बाया तिथंच फिस्सकन हसल्या. सगळ्यांच्या घरात हा माणूस राहत होता.

पाटीचं शब्दशः भाषांतर करू नका. पाटी पाच-सहा सेकंद राहते, तेवढ्यात जे तोंडातून सहज निघेल तेवढंच. नावंही सोपी करा. ईदाची इंदू झाली. व्हिक्टरला मी विक्रम केलं. मॅड्सला मात्र लोकांनीच नाव ठेवलं, मॅडबुडी, ते मला सुचलं नसतं. वडीलधाऱ्यांची भाषा वडीलधाऱ्यांसारखी ठेवा. विक्रम बायकोला "काहून व" म्हणतो, आणि मॅडबुडी त्याला "काहून रे", कारण तिनं त्याचं ढुंगण धुतलेलं आहे. तो फरक कानावर पडला की नात्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

आता महत्त्वाचं. वहीत काही जागी तिसरा रकाना कोरा ठेवायचा. सुरुवातीला एक प्रसंग आहे: ईदा आपल्या पावावरचं लोणी सुरीनं खरवडून नवऱ्याच्या पावाला लावते. दुसऱ्या खेळाला मी तिथं दोन वाक्यं बोलले, त्याग वगैरे. कुणावर काही परिणाम नाही. तिसऱ्याला गप्प बसले. पाच-सात सेकंद शांतता, आणि मागून एक म्हातारी पडद्याला म्हणाली, "अव, मंग तू काय खाशीन?" माझ्या दोन वाक्यांपेक्षा ते एक पुष्कळ झालं.

एक गोष्ट मी चुकवली ती तुम्ही चुकवू नका. नवऱ्याचा धंदा बुडालेला आहे, हे दुसऱ्या खेळाला मी मुद्दाम गाळलं. मला वाटलं, त्याच्या वागण्याला उगाच निमित्त कशाला द्या? खेळानंतर ओट्यावर बसलेला एक माणूस मला म्हणाला, "बाई, हा माणूस एवढा काहून जळून रायला, ते तं तुम्ही सांगतलंच नाई." त्याचं स्वतःचं दोन वर्षं सोयाबीन हातात आलं नव्हतं. मी घरी येऊन वही उघडली. आमच्या भागात धंदा बुडणं म्हणजे काय हे दिग्दर्शकापेक्षा समोर बसलेल्यांना जास्त ठाऊक आहे. ज्या वर्षी तिकडं हा सिनेमा निघाला त्याच वर्षी आपल्याकडं बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला होता, सावकारानं नागवलेल्या शेतकऱ्याचा. तर ती पाटी मी परत घेतली आणि सावकाश वाचली. पुरुष जरा सैल होऊन बसले. नंतर विक्रमची फजिती झाली तेव्हा तेच मोठ्यानं हसले. आधी त्याची बाजू ऐकून घेतली गेली होती ना.

वाजवणारे

सिनेमा जवळपास पावणेदोन तासांचा. एवढा वेळ नुसत्या बोलण्यावर माणसं बसत नाहीत, वाजवणारे हवेतच. ऑर्केस्ट्रा शोधायला अमरावतीला जाऊ नका. आमच्या बाजूला बहुतेक गावांत भजनी मंडळ आहे, तुकडोजी महाराजांची खंजिरी आहे, पेटी आहे, टाळ आहेत. आम्हाला पेटी, दोन खंजिऱ्या आणि तीन म्हाताऱ्या बाया एवढं पुरलं.

सिनेमातली गाणी वाजवू द्यायची नाहीत. ओळखीची चाल लागली की लोक तीच गुणगुणायला लागतात आणि पडदा विसरतात. सुरुवातीला ईदाची पहाट आहे, त्याला भूपाळीची चाल ठेवली. कामं सुरू झाली की जात्यावरच्या ओवीची चाल, शब्दांशिवाय, नुसती गुणगुण. ती त्या तीन बायांनी धरली. त्यांना मी एवढंच सांगितलं, "ती काम करते तोवर थांबू नका." मग झालं काय, ईदाचं काम संपेच ना! एक जण मध्येच म्हणाली, "बाप्पा, इचं काम सरते का नाई?" चाल सोडून म्हणाली, माईकसमोर. ते आता वहीत लिहून ठेवलं आहे. दर खेळाला तिथं कोणीतरी म्हणायचंच.

नवरा दारातून आत आला की पेटीचा फक्त खर्ज धरून ठेवायचा, बाकी सगळं बंद. दोन-तीनदा असं झालं की नंतर खर्ज ऐकूनच पोरं सावरून बसतात. घड्याळासाठी खंजिरीची फक्त झांज, बोटानं. या सिनेमात घड्याळाला काम आहे, शेवटी त्याचा लोलक नीट बघा.

कोपऱ्याच्या प्रसंगावरून आमच्या घरी भांडण झालं. सुरुवातीला बाप पोराला शिक्षा म्हणून कोपऱ्यात उभं करतो. पुढं मॅडबुडी त्या बापालाच, एवढ्या मोठ्या बाप्याला, कोपऱ्यात उभं करते. मालकांचं म्हणणं, इथं जोरात द्रुत वाजवू, लोक टाळ्या वाजवतील. मी म्हटलं काहीच वाजवू नका. "राय तठी उभा!" एवढं मी बोलणार आणि तुम्ही पेटीचा भाता बंद करणार. ते दोन दिवस रुसले. खेळाच्या दिवशी मात्र भाता बंद केला, आणि त्या शांततेत पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी हळूच म्हणालं, "गेला." सगळं अंगण फुटलं.

तालीम दोनदा करा, पडद्याशिवाय, मोबाईलवर चित्र लावून. तीनदा नको, तिसऱ्यांदा खंजिरीवाल्यांना कंटाळा येतो.

दिवस आणि जागा

सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी आटोपेपर्यंत विषयच काढू नका. डिसेंबर-जानेवारी बरा. त्यातही शेतीच्या लायनीची, म्हणजे विजेची, पाळी बघा. आमच्याकडं एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात चण्याला-गव्हाला ओलीत करायला सगळे पुरुष वावरात असतात, आणि हा सिनेमा नुसत्या बायांना दाखवून काय उपयोग? त्यांना तो पाठ आहे.

दुसरं बघायचं ते चंद्र. पौर्णिमेच्या आसपास पडदा धुरकट दिसतो. वद्य पंचमीपासून पुढं चंद्र दहाच्या आसपास किंवा त्यानंतर उगवतो, तोवर आपला खेळ आटोपतो. अमावास्येला गावातल्या मोठ्या माणसांची ना असते, तो दिवस सोडा. साडेसातला सुरू, साडेनवाला संपलं पाहिजे. खांबावरचा दिवा विझवून ठेवायला ग्रामपंचायतीच्या माणसाला सकाळीच सांगा. संध्याकाळी तो सापडत नाही.

पडद्यासाठी सगळ्यात चांगली म्हणजे समाजमंदिराची चुना मारलेली भिंत. चुन्यात नीळ घातलेली नको, चेहरे आजारी दिसतात. भिंत नसेल तर मांजरपाटाचे पन्हे जोडून 12 फूट रुंद आणि 9 फूट उंच शिवून घ्या. वर बांबू, खाली दुमडीत दुसरा बांबू, त्याला दोन विटा. चादर लावू नका. पहिल्या खेळाला मी लावली होती, वाऱ्यानं ईदाचं तोंड कधी पोटात जायचं, कधी पाठीत.

12 आणि 9 हे माप उगाच नाही. जुना सिनेमा चौकोनी असतो, चार-तीनच्या प्रमाणात. प्रोजेक्टर तसाच लावला तर तो चित्र ताणून आजकालच्या टीव्हीसारखं रुंद करतो आणि सगळे जण सुजल्यासारखे दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन चार-तीन करा. प्रोजेक्टर आम्ही शाळेचाच घेतला, मुख्याध्यापकांना अर्ज देऊन. पडद्यापासून वीसेक फुटांवर ठेवा, टेबलाभोवती चुन्यानं गोल आखा आणि एक दांडगा पोरगा तिथं उभा करा. लाइट गेली तर घरच्या इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी प्रोजेक्टर आणि छोटा माईक दोन तास सहज ओढते. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर संपल्यावर एकदम वायर उपटायची नाही, आतला पंखा थांबेपर्यंत धीर धरा.

बसण्याचं एकच सांगते. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये ही पद्धत मोडायला जाऊ नका, त्यात खेळ होत नाही, सभा होते. पण दोघांच्या मधली वाट पडद्याच्या बरोब्बर समोर येऊ द्या आणि सतरंज्या थोड्या तिरप्या अंथरा. म्हणजे एका बाजूचं तोंड दुसऱ्या बाजूला दिसतं. दुसऱ्या खेळात मी बाया मागं बसवल्या होत्या. त्या हसल्या की पुढचे पुरुष मान वळवून बघायचे कोण हसलं ते. तिरपं बसवल्यावर कोणी मान वळवली नाही, सगळं समोरच होतं.

मध्यंतर एकच, ईदा घरातून जाते तिथं. दहा मिनिटं. फुटाणे-मुरमुरे द्या, चहा नको, माणसं पांगतात.

खेळ संपल्यावर

भाषण नाही. दुसऱ्या खेळानंतर बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी स्त्री-पुरुष समानतेवर अर्धा तास घेतला. माणसं चपला शोधत उठली. दिवे लगेच लावू नका, दोन-तीन मिनिटं अंधारातच बोलू द्या. अंधारात लोक खरं बोलतात.

तिसऱ्या वेळी वाद कशावरून रंगला माहीत आहे? सिनेमाच्या शेवटी, सगळं गोड झाल्यावर, ईदाची आई जावयाला चष्म्याच्या दुकानासाठी पैसे देते. मला वाटलं होतं लोक मॅडबुडीवर बोलतील. तर बायांच्या बाजूनं आवाज आला, "म्हंजे शेवटी जावयाले दुकान भेटलंच ना! हुंडाच झाला हा, उशिरानं देल्ला." पुरुष म्हणाले, पण तो आधी सुधारला, मग पैसे मिळाले. दुसरी म्हणाली, पैसे नसते मिळाले तर किती दिवस सुधारलेला राहिला असता ते पाहिलं असतं मी. साडेदहा वाजले. मी मधे एक शब्द बोलले नाही. मी चार वेळा सिनेमा पाहून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

त्या रात्री चहा पुरुषांनी केला, कोणी सांगितलं नव्हतं. बाया वादात गुंतल्या होत्या आणि थंडी पडली होती, एवढंच कारण. साखर दुप्पट झाली होती. मालक पेटी बांधून घरी आले, स्वतः माठातून पाणी घेतलं, आणि मी बघते आहे हे लक्षात आल्यावर म्हणाले, "पाहून काय रायली? तहान लागली होती." यावर मी काही बोलले नाही. वहीत कोरा रकाना ठेवायची आता सवय झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मांजरपाट दव वाळवून घडी करा, नाहीतर काळे ठिपके पडतात. वहीची झेरॉक्स हवी असेल तर घेऊन जा, मात्र तुमच्या प्रतीच्या वेळा परत लावून घ्याव्या लागतील, आणि बोली तुमच्या गावची करा. प्रोजेक्टर शाळेत परत देताना वायर, रिमोट आणि भिंगाचं झाकण मोजून द्या. आमचं झाकण अजून सापडलेलं नाही.